बारा फुटी बोटीची दुसरी खेप

मी एक बारा फुटी ॲल्युमिनियमची बोट आहे. फार जुनी नाही, पण गोठ्यात पालथी पडून म्हातारी झाले आहे. मित्रांनो, रडगाणं ऐकायला बसला असाल तर उठा. पत्र्याला रडू येत नाही.

परंड्यात आयुबचाचांच्या दुकानात माझा जन्म झाला. माझ्याशेजारी माझी चौदा फुटी बहीण उभी होती. दगडोबा आणि द्वारकाबाई बोट घ्यायला आले. धरण भरलं की त्यांच्या वस्तीची वाट पाण्याखाली जाते. मग दूध, शाळा, बाजार, सगळं पलीकडच्या काठाला.

"घरात माणसं किती?" आयुबचाचांनी विचारलं.

"चार. आमी दोघं अन् दोन पोरं."

"अन् पोरगी निकिता?"

"तिला कशाला धरताव चाचा? आज ना उद्या नांदायला जायची."

"मोठीच घ्या की वो," द्वारकाबाई म्हणाली. "समदी एकदम मावतील."

"गप बस. मोठी उन्हाळ्यात गोठ्यात बसंना."

"पाण्यासाठी घेताव का गोठ्यासाठी?" आयुबचाचा हसले.

दगडोबा हसला नाही. बारा फुटी ठरली.

पाणी चढलं. रोज सकाळी दगडोबा वल्ही धरायचा. द्वारकाबाई दुधाच्या कॅनी घेऊन बसायची. थोरल्या बजरंगला परंड्याला कामावर जायचं, धाकट्या कुमारला शाळेत. मी भरले. निकिता दप्तर घेऊन काठावर उभी.

"तू दुसऱ्या खेपंला," दगडोबा म्हणायचा.

ती बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. हे तिनं एकदा मला धुताना स्वतःशीच म्हटलं. आयुबचाचा सोडले तर तिच्याबद्दल कुणी काही विचारतच नव्हतं.

दूध घालून, चहा पिऊन, चार गप्पा हाणून दगडोबा परतायचा, तोवर कॉलेज निम्मं सुटलेलं असायचं. "कुमार एक दिस मागं राहील की," द्वारकाबाई एकदा बोलली. "त्याची शाळा बुडंल," दगडोबा म्हणाला. निकितानं ते काठावरून ऐकलं. पाण्यावर आवाज लांब जातो. पुढं पुढं ती दप्तराशिवाय काठावर यायची. मग यायचीच बंद झाली. काठावर न्यायला कुणी उरलं नाही, म्हणून दुसरी खेपही बंद झाली. त्या दिवसांत सगळे माझं कौतुक करायचे. हलकी आहे, चपळ आहे, बरोबर मापाची आहे.

तुळशीचं लग्न झालं आणि निकिताचं ठरलं. अठरा पुरी झाली होती, म्हणून कुणी बोट दाखवलं नाही. पाणी अजून काठोकाठ होतं.

सासरी निघताना तिला माझ्या मधल्या फळीवर बसवलं. द्वारकाबाई आपणहून उतरली. कुमारही उतरला.

"तुम्ही समदी दुसऱ्या खेपंला या," दगडोबा म्हणाला. "पैली खेप निकिताची."

निकितानं बापाकडं पाहिलं. "आज बरी जागा झाली, आप्पा."

दगडोबानं वल्ही मारली.

मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारख्या वस्तू म्हणतात, आमची निगा राखा. मी नाही म्हणणार. मला तेल नको, रंग नको. बोट घ्यायला गेलात आणि कुणी विचारलं, घरात माणसं किती, तर काठावर दप्तर घेऊन उभ्या पोरीलाही मोजा. मग माप सांगा.

गोठ्यात मी मात्र अगदी नेमकी बसते.