चौथं कलम

कायद्यासमोर सगळी माणसं समान असतात, हा विचार मानवजातीने फार मोठी किंमत मोजून मिळवलेला आहे. वकीलबाईंच्या ऑफिसच्या दाराला मात्र गोल मूठ होती, आणि ती इतकी घट्ट होती की फिरवायला दोन्ही हातांची बरीच बोटं लागत. गुण्याने उजव्या हाताने एकदा प्रयत्न केला, मग हात खिशात घातला आणि बाजूला झाला.

"सरका," बायको म्हणाली आणि तिने दार उघडलं.

वकीलबाईंचं कार्ड त्यांना हॉस्पिटलात मिळालं होतं. तिथला ड्रेसिंग करणारा माणूस पट्टी बांधता बांधता पेशंटच्या खिशात कार्ड सरकवत असे. कार्डावर लिहिलं होतं, 'जिंकलो तरच फी.' हरलो तर काय, ते कार्डावर मावलं नव्हतं.

वकीलबाई पस्तिशीच्या आसपासच्या होत्या. टेबलावर चहाचे तीन कप होते, त्यातला एकही आजचा नव्हता.

"बसा काका. काकू, ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय. इकडे या. हं, कुठलं मशीन?"

"कागद कापायचं," गुण्या म्हणाला. "बाइंडिंगच्या कारखान्यात. सव्वीस वर्षं त्याच मशीनवर आहे." थोडं थांबून त्याने दुरुस्ती केली, "होतो."

"हात दाखवा."

त्याने खिशातून हात काढून टेबलावर ठेवला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटं एका रेषेत संपली होती. टाके घालताना डॉक्टर म्हणाले होते, काप अगदी सरळ आलाय, काम सोपं झालं. त्या अवस्थेतही गुण्याला जरा बरं वाटलं होतं.

कारण सरळ काप हाच त्याचा आयुष्यभराचा धंदा होता. गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. याने कापलेल्या वहीला ते लावून बघावं लागत नसे, म्हणून हत्याराचं नाव माणसाला पडलं. घरीदेखील तो टेबलावरचं वर्तमानपत्र टेबलाच्या कडेला समांतर ठेवी. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं बायकोने हे हसून घेतलं, पुढची वीस नुसतं घेतलं.

वकीलबाईंनी फाइल उघडली. "मालकाने तुमच्या अर्जाला उत्तर दिलंय. ऐका. 'सदर इजा ही सर्वस्वी कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाली.'"

"कुणाच्या?" गुण्याने विचारलं.

"तुमच्या."

"माझ्या काय?"

"निष्काळजीपणामुळे, काका."

गुण्या बायकोकडे बघायला लागला. जणू दुसऱ्याच कुणाची फाइल उघडली गेली होती आणि ते सांगायचं कसं, असा प्रश्न त्याला पडला होता.

"अहो, यांना चपला सरळ केल्याशिवाय झोप येत नाही," बायको म्हणाली. "निष्काळजीपणा यांना जमला असता तर मी सुखात असते."

"ते कोर्टात चालत नाही काकू. आता हे ऐका, तपासणी अधिकाऱ्याचा रिपोर्ट." वकीलबाईंनी दुसरा कागद घेतला. "'यंत्र सुस्थितीत आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याखेरीज पाते खाली येत नाही. सबब, या यंत्रावर हातास इजा होणे संभवत नाही.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "म्हणजे कागदोपत्री तुमची बोटं जागेवर आहेत. आता मला खरं सांगा. दोन्ही हात बटणांवर असताना तिसरा हात आत कुठून आला?"

गुण्याने सांगितलं. उजव्या बटणात पाचर होती.

दोन्ही हात बटणांवर अडकले की गठ्ठा धरायला हात उरत नाही, प्रत्येक कापाला वेळ जातो. शाळांच्या वह्यांचं काम आलं तेव्हा मालक येऊन म्हणाले होते, "एक हात या बटणावर, एक हात त्या बटणावर, मग कागद काय मी धरू? बघा काहीतरी." त्यावर गुण्याने बघितलं. पुठ्ठ्याचे चार थर चिकटवून त्याने एक पाचर केली, उजव्या बटणाच्या खाचेत नेमकी बसेल अशी. वरून बाइंडिंगचं कापड चढवलं, कडा मुडपल्या. ही पाचर आठ वर्षं बटण दाबून बसली होती. एक धागा सुटला नव्हता.

"आणि त्या दिवशी?"

"गठ्ठा लावला. डावा हात बटणावर गेला. तेवढ्यात दिसलं, एक कागद बाहेर आलाय. इतकाच." त्याने अंगठ्याचं नख दाखवलं, मग नखाची कड. "आत सारायला गेलो."

निष्काळजी माणसाने तो कागद तसाच सोडला असता.

"पाचर कुठाय?" वकीलबाईंनी विचारलं. "पाचर आणा, मालकाला मी बघते. रिपोर्टात पाचर कशी नाही?"

ते गुण्यालाही माहीत नव्हतं. पाचर निघाली त्या वेळी तो रिक्षात बेशुद्ध होता.

*

मावशी कारखान्यात खळ शिजवायची आणि वह्यांना पुठ्ठे चिकटवायची. गुण्यापेक्षा चार वर्षं जुनी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती घरी पाकिटं चिकटवत बसे. तो गेला तेव्हा ती तेच करत होती.

"ये. तिकडे बसू नको, ओली आहेत." तिने त्याच्या हाताकडे बघितलं नाही. "जेवतोस का नीट? डाव्या हाताने जमतं?"

"जमतं. मावशी, पाचर कुठाय?"

"कुठली पाचर?"

"मावशी."

तिने हातातलं पाकीट पूर्ण चिकटवलं, दाबलं, बाजूला ठेवलं.

"जाळली," ती म्हणाली. "तुला घेऊन गेले आणि मी आधी ती काढली. खळीच्या शेगडीत टाकली. मशीन पुसलं. म्हटलं, उद्या तपासणीचे साहेब येणार, ती पाचर बघणार, हातात घेणार. आणि ती बघितल्यावर कुणी केली हे विचारायची गरज आहे का? अख्ख्या कारखान्यात अशा कडा मुडपणारं दुसरं कोण आहे? म्हणतील, याने स्वतःच मशीन बिघडवलं. तुझं नाव खराब नको व्हायला."

"मग साहेब आले."

"आले. बटणं दाबून बघितली. मला म्हणाले, हे नेहमी असंच चालतं का? मी म्हटलं, नेहमी असंच. त्यांनी खाली सही करायला सांगितलं, मी केली." तिने नवं पाकीट घेतलं. "का रे? चुकलं का माझं?"

गुण्या पाकिटांकडे बघत राहिला. एक तिरकं होतं. त्याने ते सरळ केलं.

"वकीलबाई म्हणतात, तू कोर्टात येऊन सांगितलंस तर केस उभी राहील."

"येईन की. काय सांगू?"

"पाचर होती. मालकांनी करायला सांगितली होती."

"मालकांनी काहीतरी बघा म्हटलं होतं. पाचर करा असं नव्हतं म्हटलं," मावशी म्हणाली. ती फसवत नव्हती, आठवत होती. "पण तू म्हणशील तसं सांगते. मग ते विचारतील, आधी सही का केली? तर म्हणेन, खोटी केली. चालेल ना? खोट्या सहीचं काय करतात?"

काय करतात ते गुण्याला ठाऊक नव्हतं. मालक काय करतील ते ठाऊक होतं. मावशीचा नवरा तीन वर्षं अंथरुणावर होता, तो आतल्या खोलीतून खोकत होता.

"राहू दे," तो म्हणाला. "मी सांगतो, तुला आठवत नाही म्हणून."

"मला सगळं आठवतं."

"ते नको सांगू कुणाला."

जायला निघाला तेव्हा तिने विचारलं, "पण तुझं लक्ष कुठे होतं रे त्या वेळी?"

हेच सगळे विचारत. न्हावी विचारी, दूधवाला विचारी. ज्याला कधी हातोडी नीट धरता आली नव्हती तो मेहुणा तर दर रविवारी फोन करून विचारी, "भावजी, लक्ष कुठे होतं?" बँकेतल्या बाईने डाव्या हाताची सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत केला आणि वर हेच विचारलं. सव्वीस वर्षं त्याचं लक्ष जिथे होतं तिथेच त्या वेळीही होतं, हे चार शब्दांत सांगता येत नव्हतं, आणि पाचव्या शब्दापर्यंत कुणी थांबत नव्हतं.

*

साक्षीदार नाही म्हटल्यावर वकीलबाई तडजोडीवर आल्या. त्या फोनवर इतक्या गोड बोलत की समोरचा माणूस मेहुणा असावा असं वाटे. तो मालकाचा वकील होता. दोन महिने त्यांचं गोड बोलणं चाललं, आणि एक दिवस त्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

"केस लढलो तर सहा वर्षं, आणि बहुतेक हरू," त्या म्हणाल्या. "हे घेतलंत तर पुढच्या आठवड्यात चेक." त्यांनी आकडा सांगितला.

बायकोने मनातल्या मनात भागाकार केला असावा. तिचं आधीच ठरलं होतं. शाळेसमोरचा एक गाळा आणि नवं झेरॉक्स मशीन. "त्याला एकच बटण असतं," ती म्हणाली होती, "आणि ते दाबायला अंगठा पुरतो." आकडा ऐकून तिने गुण्याच्या कोपराला हळूच हात लावला. म्हणजे जमतंय.

"वाचतो," गुण्या म्हणाला.

"वाचा की. साधाच आहे."

त्याने करार समोर घेतला. पहिलं कलम, दुसरं, तिसरं. बोट ठेवून वाचायची त्याची सवय होती, आता करंगळी ठेवून वाचत होता. चौथ्या कलमावर करंगळी थांबली.

"हे कशाला?"

वकीलबाईंनी वाकून बघितलं. "'कामगारास हे मान्य आहे की सदर इजा त्याच्या निष्काळजीपणामुळे झाली.' अहो, असतंच ते. पैसे देतात ते दया म्हणून, चूक म्हणून नाही, असं दाखवायचं असतं त्यांना. त्याने तुम्हाला काही फरक पडत नाही."

"मग काढा."

"काका."

"फरक पडत नाही ना? मग काढा."

"अहो, सही करा," बायको म्हणाली. "कोण वाचणार आहे?"

"मी वाचलं."

वकीलबाई फोन घेऊन बाहेर गेल्या. काचेतून त्यांचं गोड बोलणं दिसत होतं. आत बायको हळू आवाजात म्हणाली, "कारखान्यात सव्वीस वर्षं काळजी घेतलीत, काय मिळालं? आता एकदा निष्काळजी व्हा. माझ्यासाठी."

टेबलावरचे कागद तिरके पडले होते, ते गुण्याने डाव्या हाताने कडेला लावून घेतले.

वकीलबाई आत आल्या. "काढतील म्हणतात. मालक म्हणतात, शब्द काढायचा तर रकमेतले तीस टक्के काढा." त्यांनी दोघांकडे बघितलं. "खरं सांगू? यात माझेही जातात. मी तर म्हणेन, राहू दे तो शब्द. दहा वर्षं वकिली करते, शब्दाने कुणाचं पोट भरलेलं बघितलं नाही. माझं सोडून."

"तीस टक्के म्हणजे मशीन जुनं घ्यावं लागेल," बायको म्हणाली. ती गुण्याशी बोलत नव्हती, वकीलबाईंशीही नाही. "जुन्या मशीनला कागद अडकतात."

"अडकलेला कागद मी काढतो," गुण्या म्हणाला.

हे वाक्य त्या खोलीत कुणालाच आवडलं नाही. त्याचं त्यालाही नाही. पण त्याने करार वकीलबाईंकडे सरकवला, आणि बायकोने खिडकीकडे तोंड केलं. तिथे भिंत होती.

*

नवा करार आठवड्याने आला. बायको या वेळी आली नाही, घरी काम आहे म्हणाली. दारासमोर गुण्या पाच मिनिटं उभा राहिला, मग आतून कुणीतरी बाहेर आलं.

चौथं कलम आता एवढंच होतं: 'सदर दिवशी कामगारास कामावर असताना इजा झाली.' त्याने ते तीनदा वाचलं. कुणाच्याही कशामुळेही झाली असं त्यात नव्हतं. इजा झाली, इतकंच. पाऊस झाला, तशी. तीस टक्क्यांत एवढंच येत होतं. त्याला ते पुरेसं वाटलं.

त्याने पान उलटलं आणि डाव्या हाताने शेवटी सही केली. तिचा त्याने महिनाभर सराव केला होता, रोज एक पान. आता ती बँकेतही चालू लागली होती.

"मला याची एक प्रत पाहिजे," तो म्हणाला. "दोन द्या."

"एक तर तुमचीच आहे. दोन कशाला?"

"एक कारखान्यात दाखवीन. मावशीला, सगळ्यांना. एक मेहुण्याला पाठवतो." तो जरा थांबला. "आणि एक खिशात राहू दे. कुणी विचारलं तर दाखवता येईल."

"म्हणजे तीन," वकीलबाई हसत म्हणाल्या. मग त्या हसायच्या थांबल्या. "काका, तुम्ही पुढचं वाचलंत ना?"

मागच्या खेपेला तो चौथ्या कलमावर थांबला होता. या खेपेलाही. वकीलबाईंनी करार त्याच्याकडे फिरवून ठेवला आणि बोट ठेवलं. नववं कलम दोन्ही खेपांना तेच होतं. या करारातला कोणताही मजकूर कामगाराने कोणासही दाखवू किंवा सांगू नये, अन्यथा सर्व रक्कम परत करावी लागेल.