जांभळा ठिपका

आमचे बाबा भोपाळला बरखेड्याच्या कारखान्यात माल तपासायचे. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. पनीर चुरून बघतात, हळद पाण्यात टाकून बघतात, "असली है ना भैया?" विचारून दूधवाल्याचं रोज डोकं खातात. त्यामुळे नकली औषधांची बातमी पेपरात आली तेव्हा आता आईच्या थायरॉइडच्या गोळ्यांचा नंबर लागणार, हे मी ओळखलंच.

हबीबगंजची सगळी दुकानं पालथी घालून त्यांनी दोन बाटल्या आणल्या. लेबलवर जांभळा ठिपका होता. बोट दाबून धरलं की बोटाच्या उबेने तो पांढरा व्हायचा. नकली असेल तर जांभळाच राहणार. एका बाटलीवर करून दाखवत त्यांनी आईला बजावलं, "सिंधू, दुसरी उघडताना तू तपासायचं. ठिपका बदलला नाही तर गोळी घ्यायची नाही." आईला हा मान फार आवडला होता.

होळीच्या आधी मी तुळशीनगरहून त्यांच्याकडे गेले, तर घरात पंखा सुरू आणि आई स्वेटर घालून बसलेली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. माझ्याशी बोलता बोलता तिला डुलकी लागली. मी तिला हलवून जागं केलं.

"आई, गोळी घेतेस ना?"

तिने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि डाळीच्या डब्यामागून दुसरी बाटली काढली. भरलेली होती.

"हळू बोल, मधुरा. ही नकली निघाली. थंडीत उघडली तेव्हापासून रोज बघतेय, ठिपका जांभळाच."

"अगं, मग बाबांना सांगायचं ना!"

"जन्मभर लोकांचा माल तपासला त्यांनी. आता त्यांनाच कुणीतरी फसवलं, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

मला इतका राग आला, आणि त्याच वेळी तिला घट्ट मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात दारात बाबा दिसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बाटली घेतली, ठिपक्यावर अंगठा दाबला. ठिपका पांढरा झाला.

ठिपका पुन्हा जांभळा झाल्यावर आईने बोट दाबलं. काहीच झालं नाही. बाबांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि तिचा हात धरला.

"माल चोख आहे गं. तुझे हात गार आहेत. आधी थंडीने होते, मग गोळ्या बंद केल्यास म्हणून आणखी गार पडले." ते तिचे हात चोळू लागले. "माझी लाज राखायला एवढी आजारी पडलीस?"

"मग कुणाची राखणार?" आई म्हणाली.

बाबा तिचे हात चोळत राहिले. मग तिचं बोट त्यांनी स्वतः ठिपक्यावर टेकवलं. तो हळूहळू पांढरा होत गेला, तशी आई लहान मुलीसारखी हसली. डॉक्टरांनी दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं, आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आता मे महिना आहे. आईचा आवाज मोकळा झालाय, स्वेटर ट्रंकेत गेलाय. भोपाळच्या उन्हाने तो ठिपका कुणी हात न लावताच दिवसभर पांढरा असतो. तरी सकाळी गोळीच्या आधी बाबा आईचा हात हातात घेऊन बसतात.

"तपासणी," ते म्हणतात.

"सावकाश होऊ द्या," आई म्हणते.