मावशींचा अंगठा आणि माझी शाबासकी

मित्रांनो, मी सूतगिरणीतलं एक जुनं यंत्र आहे, आणि माझ्या नावावरची शाबासकी माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. गिरणीत चात्यांवर, म्हणजे उभ्या फिरत्या दांड्यांवर, बॉबिनी गरगर फिरतात, त्यांच्यावर सूत गुंडाळलं जातं. भरलेल्या बॉबिनी उपसायच्या आणि रिकाम्या बसवायच्या, हे माझं काम.

पेटीतून बाहेर आलो तेव्हा अंगावर कोरा रंग होता आणि डोक्यात हवा. माझ्याआधी हे काम बायकांची एक टोळी करायची. टोळीच्या पुढारी मावशी, आणि शेजारी त्यांची धाकटी जाऊ. काय हात चालायचे त्यांचे! रिकामी बॉबिन चातीवर ठेवली की अंगठ्याने टक्‌कन दाबायची, ही मावशींची शिकवण. वाकडी राहिली तर सूत तुटतं. "अगं, बाळाला टोपी घालतेस का? दाब की नीट!" असं त्या जावेला चिडवायच्या.

मग माझी परीक्षा ठरली. गिरणीचे साहेब म्हणाले, "एक जरी बॉबिन वाकडी बसली, तर हे धूड परत पाठवीन. नाहीतर टोळी बंद."

जाऊ भिंतीला टेकून पुटपुटत होती, "एक तरी वाकडी बस गं बाई."

मी खाली वाकलो, भरलेल्या उचलल्या, रिकाम्या बसवल्या. आणि देवाशपथ सांगतो, कडेची एक वाकडी राहिली! साहेब दुसऱ्या टोकाकडून तपासत येत होते. मावशींना ती दिसली. त्यांचा हात पुढे गेला. टक्‌!

"वा! एकदम बिनचूक!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

जावेने मावशींचं मनगट धरलं. "जाऊबाई, काय केलंत हे?"

मावशींनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "वाकडी दिसली गं... हात आपोआप गेला."

टोळी गेली. माझ्यावर लक्ष ठेवायला एकच बाई हवी होती, साहेबांनी मावशींना ठेवलं. जाऊ घरी बसली. घर एकच, पण दोघींत बोलणं नाही. मावशी मला तेल घालताना हे सांगतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुम्ही म्हणाल, तुला जीभ कुठे होती? नव्हती. पण असती तरी मी गप्पच बसलो असतो. त्या टाळ्या मला फार गोड लागल्या होत्या. हेच मला खातं.

शेवटी आम्ही यंत्रांनी सांगायचं असतं की आमची निगा राखा. माझी निगा उत्तम आहे हो. तुम्ही गिरणी बघायला आलात, तर माझ्यापाशी थांबू नका. दुपारी फाटकाशी एक बाई मावशींसाठी गरम डबा ठेवते आणि तोंडातून अक्षर न काढता माघारी वळते. तेवढं तिला "काकू, आत या ना," म्हणा. इतक्या वर्षांत ते म्हणायचं धाडस मावशींना झालेलं नाही.