सैल म्हणवणारी दोरी

प्रबंध सादर करायला अठरा दिवस उरले होते. वर्कशॉपचे मिस्त्री शिडीवर चढून छताची कप्पी बघत होते आणि ती खाली आपल्या रोबोचे गुडघे पुसत होती. सात वर्षं खपून तिने हा दोन पायांचा रोबो उभा केला होता. खडबडीत जमिनीवर तो न पडता चालतो, हाच तिचा शोध. चुकून पडलाच तर मोडू नये म्हणून त्याला वरून एक सैल दोरी बांधलेली असे.

"मॅडम, कप्पी गंजून अडकलीय," मिस्त्री म्हणाले. "दोरी सैल कुठली? कायम ताणलेली होती ही."

तिने खाली गाद्या पसरल्या, दोरी सोडली आणि रोबो चालू केला. तिसऱ्याच पावलाला तो तोंडावर आपटला. अकरा वेळा चालवला, अकरा वेळा पडला. म्हणजे इतकी वर्षं तोल दोरीच सांभाळत होती.

ती थेट मार्गदर्शक सरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोरीचा उल्लेख प्रबंधात आहे ना?"

"सुरक्षेसाठी म्हणून आहे, सर."

"मग झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"उद्या कोणी हेच वाचून एखाद्या आजाऱ्यासाठी यांत्रिक पाय बनवला तर?"

"उद्याचं उद्या बघू," सर म्हणाले आणि फोनकडे वळले.

घरी ताई होती. हिने शिकावं म्हणून ताई बारावीनंतर दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायच्या कामाला लागली होती.

"मिस्त्री कुठे बोलणार आहेत का?" सगळं ऐकून ताईने विचारलं.

"नाही."

"मग तुलाच कसला पुळका आलाय खरेपणाचा? मी इतकी वर्षं काय गंमत म्हणून घसा फोडला?"

ताई आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. ताईने अजून चार शब्द सुनावावेत असं हिला फार वाटत होतं.

तिचे दोन निबंध छापलेल्या शोधपत्रिकेला दोरीचं खरं सांगणारं चार ओळींचं पत्र लिहायला तिला दोन दिवस लागले. पत्र गेलं. दोन्ही निबंध मागे घेतले गेले, प्रबंध सादर करणं रद्द झालं. सरांनी फोन उचलणं सोडलं. तिच्या कामावर स्वतःचं काम उभारणारी एक ज्युनियर जिन्यात भेटली, भिंतीला लागून पुढे निघून गेली.

ती घरी बसली. सकाळी उठून करायचं काय, हेच कळेना. अंथरुणाची घडी घालायची आणि त्यावरच टेकून बसायचं, असे दिवस जाऊ लागले.

महिन्याभराने ड्युटीला निघताना ताई दारात थांबली.

"पडतो म्हणजे नेमका कशामुळे पडतो गं?"

तिने एका पाकिटाच्या पाठीवर पाऊल काढलं, घोटा काढला. मग पेन्सिल थांबली.

"ते मला अजून माहीत नाही, ताई," ती म्हणाली, आणि महिन्यात पहिल्यांदाच रडली.

ताईने चप्पल काढली आणि तिच्याजवळ बसली. त्या दिवशी दवाखान्यात तिला उशीर झाला.