चौदा हजारांच्या वर

दादा गेला तेव्हा रेडिओवर हसत होता. नकाशांसाठी जमिनीचे फोटो काढणारं छोटं विमान तो चालवायचा. त्या दिवशी त्याने टॉवरला चुकीची दिशा सांगितली, स्वतःच खिदळला आणि ढगात लपलेल्या उंच बर्फाळ डोंगरावर जाऊन आदळला. चौकशीत कंपनीच्या मालकाने तोंड वर करून सांगितलं, "प्यायलेला असणार. आवाज ऐका की!" विमानातले ऑक्सिजनचे सिलिंडर रिकामे होते, एवढं मात्र तो गिळून बसला.

अशा विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसते. म्हणून चौदा हजार फुटांच्या वर चालवणाऱ्याने सगळा वेळ ऑक्सिजन घ्यायचा, असा नियम. विरळ हवेत आधी डोकं बंद पडतं, आणि माणसाला वाटतं, आपलं झकास चाललंय.

लोक वहिनीला बेवड्याची बायको म्हणू लागले. कुणी समोरून येताना दिसलं की ती रस्ता ओलांडायची. दादाच्या धाकट्या बहिणीने हे पाहिलं आणि मनात गाठ मारली. तीही वैमानिकच. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे तिने त्याच कंपनीत नोकरी धरली तरी मालकाला पत्ता लागला नाही. दादाच्या विमानाचे सिलिंडर भरल्याची नोंद तिथल्या वहीत कुठेच नव्हती. ती संधीची वाट बघत राहिली.

एकदा सहवैमानिक आजारी पडला आणि आभाळ तर नेमकं त्याच दिवशी फोटोंना हवं तसं निरभ्र. मालक जुना वैमानिक. "चल, मीच बसतो शेजारी," म्हणाला. तिने सकाळीच सिलिंडर भरून घेतले होते, मालकाचासुद्धा. मागे बसलेल्या कॅमेरावाल्याला तिने स्वतःच्या हाताने मास्क चढवला.

चौदा हजार जवळ आल्यावर ती मालकाला म्हणाली, "सर, मास्क लावा. नियम आहे."

"नियम नवशिक्यांना. आम्ही काय असल्या नळ्या नाकाला लावून उडालो?"

"परत एकदा सांगते, लावा."

"तू आपलं विमान बघ गं!"

 खरं तर तिथूनच खाली यायला हवं होतं. तिने विमानाचं नाक वर ठेवलं आणि ते अठरा हजारांवर नेलं.

आधी मालक मोठमोठ्याने एक किस्सा सांगायला लागला. मग तोच किस्सा पुन्हा, मग तिसऱ्यांदा. त्याची नखं निळसर पडली.

"सर, शंभरातून सात गेले किती?"

"सात!" तो टाळ्या पिटत म्हणाला. "सातच!"

कॅमेरावाला मागून ओरडला, "अहो मॅडम, खाली घ्या! यांचं काही खरं नाही!"

"थांब जरा," ती म्हणाली. "सर, टॉवरला आपली दिशा सांगा ना."

मालकाने बटण दाबलं. जीभ जड झालेली. त्याने उत्तर म्हटलं, मग दक्षिण म्हटलं, मग गाणं म्हणत हसत सुटला. रेडिओवर सगळ्यांना ते ऐकू जात होतं.  मग टॉवरवरच्या बाईचा आवाज आला, "विमानात कोण प्यायलंय?"

"कुणीच नाही," बहीण म्हणाली. "हे आमचे मालक आहेत. मास्क नाही लावला त्यांनी. माझ्या भावाच्या विमानात तर ऑक्सिजनच नव्हता."

मग तिने मालकाच्या तोंडावर मास्क दाबला आणि विमान खाली आणलं. धावपट्टीवर उतरेपर्यंत तो भानावर आला होता. "मी काय बोललो?" त्याने विचारलं.  सगळा विमानतळ त्याला सांगणार होता.

चौकशी नव्याने झाली, सिलिंडरची वहीही तपासली गेली. दादाच्या नावापुढचा दारूचा शेरा पुसला गेला. कंपनीला टाळं लागलं. तिचाही परवाना रद्द झाला. मुद्दाम माणसाचा जीव धोक्यात घातला म्हणून. तिने ते नाकारलं नाही.

वहिनीने भाजी चिरता चिरता विचारलं, "खरं सांग. मारायचं होतं ना त्याला?"

"हो."

"मग का सोडलंस?"

"वहिनी, वर त्याला काही कळतच नव्हतं. हसत हसत गेला असता. तेवढं सुख मला त्याला द्यायचं नव्हतं."

वहिनीने विळी बाजूला सारली. बराच वेळ नणंदेचा हात तिने घट्ट धरून ठेवला, आणि तिला चुकलीस असं एकदाही म्हणाली नाही.