पंधरा दिवसांचा खाखरा

कट्ट.

दुपारच्या शांततेत खाखरा मोडला, आणि झोपाळ्यावर बसलेल्या दिवाळीबांनी त्याचा अर्धा तुकडा तसाच कानाजवळ धरून ठेवला, जणू त्याचं बोलणं अजून संपायचं होतं. किन्नरी समोर ओले हात पुसत उभी होती. पाच वर्षांची हेत्वी आईच्या ओढणीचं टोक चघळत दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"बोलतोय," बा म्हणाल्या. "घसा जरा बसलाय, पण बोलतोय."

किन्नरीचा जीव भांड्यात पडला.

भावनगरच्या त्या गल्लीत दिवाळीबांनी चाळीस वर्षं खाखरे भाजले होते. दात गेले तसा त्यांनी खाखऱ्याचा निकाल कानांकडे सोपवला. समुद्राची हवा, त्यात श्रावण. खाखरा घटकाभर डब्याबाहेर राहिला की सादळतो, आणि सादळलेला खाखरा मोडताना मुका होतो. मुलगा सुरतला गेल्यावर बांनी दुकान बंद केलं. दीड वर्षापूर्वी किन्नरी त्यांच्याकडे "मला शिकवा" म्हणत गेली, तेव्हा बांनी फी मागितली ती एवढीच: रोजच्या खाखऱ्यांतला सगळ्यात वाईट खाखरा. चांगले तू लोकांना देशीलच, त्यात माझं काय काम, म्हणाल्या. पहिले दोन महिने तो निवडणं फार कठीण गेलं, कारण सगळेच लायक होते. हल्ली मात्र वाईट खाखरा शोधावा लागायचा, आणि बा कुरकुरायच्या, "माझी फी बुडवायला लागलीस तू."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बा तीन आठवडे सुरतला राहून आजच परतल्या होत्या. त्या गेल्या त्याच दिवशी रसिलाबेन किन्नरीकडे आल्या होत्या. जैन उपाश्रयाच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. पर्युषणासाठी दोनशे पाकिटं हवी होती, पाकिटात दहा खाखरे. त्यांच्या मंडळात चाललेला खाखरा पुढे वर्षभर गावात चालतो, हे किन्नरीला ठाऊक होतं. आणि मागची खोली सासूबाईंनी दिवाळीनंतरच्या लाभपाचमपर्यंतच दिली होती, हेही. तोवर धंद्याने बाळसं धरलं नाही तर खोलीत भाडेकरू येणार होता, आणि तवा माळ्यावर जाणार होता.

म्हणून किन्नरीने ठरवलं, बा परत येईपर्यंत सगळं करून ठेवायचं. त्यांनी नुसतं बघत राहावं.

"डोळे मिटा, बा," असं म्हणून तिने त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं.

"आताच तर हजारो रुपये देऊन उघडलेत. मिटू कशाला?"

खोलीत भिंतीला लागून पाकिटांची चळत उभी होती. किन्नरीने स्वतः निवडलेला पिवळा कागद, वर तिचं नाव, खाली शिक्क्याने ठसठशीत तारीख.

"मेथी नाही, हिरवं काही नाही, कांदा-लसूण तर नाहीच," ती एका दमात म्हणाली. "जिरे आणि मिरी, बस्स. सगळं विचार करून केलंय."

बांनी एक पाकीट नव्या डोळ्यांसमोर धरलं. उलटलं. तारीख वाचली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. बा हसताना आवाज करत नसत, पोटच हसायचं.

"तारीख सुंदर आलीय. एक अक्षर फुटलेलं नाही. आणि सोळा दिवस जुनी आहे."

"खाखरा महिनाभर टिकतो, बा. तुम्हीच सांगितलंत."

"तुझ्या घरी टिकतो, तुम्ही पटेल माणसं. आमच्या जैनांत पावसाळ्यात पीठ, मिठाई, खाखरा, सगळ्याला पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी तो सोन्याचा असला तरी खायचा नाही. रसिला आधी तारीख वाचेल, मग बोटं मोजेल, मग तुझ्याकडे बघेल."

किन्नरी मटकन गव्हाच्या पोत्यावर बसली. हेत्वीने लगेच तिच्या मांडीवर जागा घेतली.

"मला कोणी सांगितलं नाही," किन्नरी शेवटी म्हणाली.

"विचारलंस कोणाला? रसिलाला?"

"नाही."

"मला?"

"तुमचं ऑपरेशन होतं."

"डोळ्याचं होतं, पोरी. फोन कानाने ऐकतात."

किन्नरीला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे माळ्यावर चढलेला तवा दिसत होता. पर्युषणाला बरोबर एक आठवडा होता. दोन हजार खाखरे. तिची नजर खिडकीतल्या शिक्क्याकडे गेली. त्याची चाकं फिरवली की दुसरी तारीख यायची. नवे कागद चिकटवायला एक दुपार पुरली असती. खाखरा तर बोलतच होता, बांनी आत्ता ऐकला होता.

बांनी तिची नजर बघितली. झोपाळ्याकडे परत जाता जाता म्हणाल्या, "शिक्का चांगला घेतलास. फिरायला अगदी हलका."

"बा, मी काही म्हटलं का?"

"मी तरी काय म्हटलं? मी शिक्क्याचं कौतुक केलं."

सासूबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. सगळं ऐकून त्यांनी पदर खोचला आणि पाकिटं मोजायला लागल्या. "आमच्या भजन मंडळाला पाठव ही. आमचा ठाकोरजी तारखा विचारत नाही. उरली की आपल्या धाकट्या सुरेशच्या कॉलेजच्या हॉस्टेलवर. तिथली पोरं कागदसुद्धा खातील." मग जाता जाता, "आणि लाभपाचम म्हणजे लाभपाचमच हं. मी काही विसरलेले नाही."

किन्नरीने शिक्का उचलला आणि उंच फळीवर ठेवला, हात सहज पोहोचणार नाही असा.

"उद्यापासून लागते," ती म्हणाली.

"मोजलंस का?" बांनी विचारलं.

किन्नरीने बोटं मोजली. आजपासून सात दिवस, मग पर्युषणाचे आठ. शेवटचा दिवस पंधराच्या काठावर येत होता. "परवापासून," ती म्हणाली.

"आता कशी माणसांत आलीस."

पुढचे पाच दिवस त्या खोलीत दोन तवे पेटले. किन्नरी लाटायची, भाजायची. बा स्टुलावर बसून लाकडी दट्ट्याने खाखरा तव्यावर दाबायच्या आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायच्या. हा तुझ्या सासूसारखा फुगलाय, दाबायलाच हवा. हा तुझ्यासारखा, विचारल्याशिवायच भाजून बसला.

तिसऱ्या दिवशी किन्नरीने हळूच विचारलं, "तुम्ही कधी फिरवला होता का शिक्का?"

दट्ट्या थांबला नाही. "एकदा. तेव्हा शिक्का नव्हता, हाताने लिहायचे. रसिलाच्या सासूला दिले होते."

"तिला कळलं?"

"छे. आवडीने खाल्ले. दरवर्षी माझ्याकडूनच घ्यायची. माझे हात धरून म्हणायची, दिवाळी, तुझ्यावर माझा डोळे मिटून विश्वास." बांनी खाखरा उलटला. "ती डोळे मिटायची आणि मला झोप यायची नाही. तो तुझा उलट, करपेल."

सहाव्या दिवशी रसिलाबेन आल्या. पाकीट उलटं केलं, तारीख वाचली, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. मग पाकीट पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तीनशे. आणि दिवाळीपर्यंत दर आठवड्याला वीस, आमच्या घरांत वाटायला." सासूबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी मागच्या खोलीतलं आपलं जुनं लोखंडी कपाट दोन माणसं लावून पुढच्या खोलीत हलवलं, आणि त्या जागी गव्हाचं पोतं सरकवलं.

किन्नरीने त्या दिवसाच्या खाखऱ्यांतला सगळ्यात वाईट खाखरा शोधला. शोधायला बराच वेळ लागला. एका कडेला फुगा धरलेला एक सापडला. तो ताटलीत ठेवून तिने वर रुमाल झाकला, आणि मायलेकी बांच्या घराकडे निघाल्या. ताटली हेत्वीनेच धरायची, असा तिचा हट्ट होता. दोन्ही हातांनी धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, ती गल्लीतून देवाचा प्रसाद न्यावा तशी चालली होती.

अर्ध्या वाटेत ती थांबली.

"मम्मी, बा लहान होत्या तेव्हा त्या कोणाला वाईट खाखरा द्यायच्या?"

दीड वर्षात किन्नरीने बांना पीठ विचारलं होतं, आच विचारली होती, तूप, कागद, गिऱ्हाईक, सगळं विचारलं होतं. हे तेवढं विचारायचं राहिलं होतं.

"सांग ना, मम्मी. कोणाला?"