शिंक्यावरची हंडी

मी एक जुनी हंडी आहे, मित्रांनो. दहीहंडीची नव्हे बरं का, तो मान आमच्या नशिबी नव्हता. मी दाण्यांची हंडी. हल्ली बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यात, ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेच्या खोलीत, खिडकीशेजारच्या कोनाड्यात पडून असते. माझ्या गळ्याला चीर गेली आहे आणि काठाचा टवका उडाला आहे. कोणी माझ्यात मेणबत्तीची थोटकं टाकतं, कोणी विझलेल्या काड्या. परवा एका बाईनं पानाचा देठ टाकला. म्हातारं मातीचं भांडं, ते काय बोलणार, असं त्यांना वाटतं. पण माझ्या पोटात एक गोष्ट फार वर्षं राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला फुटायचं नाही.

माझा जन्म शाहपुरच्या एका कुंभाराकडचा. तापीकाठची माती त्यानं राख आणि लीद घालून तुडवली, मला चाकावर धरलं आणि मग थापटण्यानं ठोकठोक ठोकलं. मार काय खाल्ला म्हणून सांगू! भट्टीतून निघाले तेव्हा मात्र खणखणीत वाजत होते. बाजारच्या दिवशी मथुराबाई नावाची एक बाई आली. तिनं माझ्यावर बोटानं टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं, आणि कुंभाराला म्हणाली, "दाणे ठेवायचे आहेत दादा. देवाचे दाणे. गळकी देऊ नको."

कुंभार हसला. "दाण्याले गळती कशाची, बाई? नेऊन ठेव, नातवंडं बघेल ती."

मथुराबाईचा नवरा कडू बुऱ्हाणपुरात मागावर लुगडी विणायचा. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून याला तरी नजर लागू नये अशा हिशेबानं आईनं त्याचं नाव कडू ठेवलं होतं. माणूस मात्र गोड होता. एका वर्षी त्याला पटकी झाली. भाऊबंद दाराशी फिरकले नाहीत. त्या वेळी लीलाधर मास्तर नावाचे ख्रिस्ती उपदेशक येऊन त्याच्या खाटेपाशी बसले. त्याची ओकारी काढली, त्याला पाणी पाजलं, त्याच्यासाठी प्रार्थना केली. कडू वाचला. पुढे त्यानं आणि मथुराबाईनं बाप्तिस्मा घेतला. मग काय, गल्लीनं त्यांचं पाणी बंद केलं आणि लग्नकार्याची बोलावणी थांबली.

घरात कडूची आई होती, मालूबाई. तिनं बाप्तिस्मा घेतला नाही. ती इच्छापुरच्या देवीची भक्त. तिच्या कोपऱ्यात देवीचा दिवा असायचा आणि मंगळवारी, शुक्रवारी तिचा उपास. आता घर फुटणार असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मालूबाईनं सुनेला समोर बसवलं आणि म्हणाली, "हे बघ व मथुरा. तू माझ्या दिव्याले, उपासाले बोट लावू नको. मी तुझ्या देवाले बोलणार नाही. एका चुलीवर दोन भाकरी शिजतात ना, तसं राहू."

"बरं, आत्याबाई," मथुराबाई म्हणाली आणि तिच्या पाया पडली. हा करार दोघींनी प्रेमानं केला आणि प्रेमानं पाळला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मित्रांनो.

आता माझं काम सांगते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे हातावर पोट असलेले लोक. देवाला द्यायला पैसा कुठला? म्हणून बायकांनी नेम धरला होता. रोज दळायला बसताना सुपातली पहिली मूठ देवाच्या हंडीत टाकायची. रविवारी सगळ्यांच्या हंड्या उपासनेत नेऊन एका मोठ्या टोपलीत रिकाम्या करायच्या. ते दाणे पुढे कुठल्या विधवेला, कुठल्या महारोग्याला जात. मथुराबाईनं मला जात्याच्या वर शिंक्यात टांगलं. पहाटे ती उठायची, हात जोडायची, मूठ टाकायची आणि जातं ओढत गायची:

पहिली माझी मूठ, पहिल्या घासाच्या आधी,
येशू माझ्या बापा, तुझी आठवण आधी.
दुसरी माझी मूठ, दिल्या दिसाच्या नावानं,
जातं फिरतं माझं, तुझ्या दयेच्या दमानं.

चाल मालूबाईचीच होती बरं. सून आली तेव्हा सासूनंच तिला ती शिकवली होती. मालूबाई दिव्यात तेल घालता घालता ती चाल गुणगुणायची आणि देवीचं नाव घ्यायची. एकीचा येशू, एकीची देवी, आणि जातं एकच. कडू पडल्या पडल्या चेष्टा करायचा, "शारदाची माय, तुझी मूठ जरा मोठीच आहे. देव जाड होईल." ती म्हणायची, "मूठ त्यानंच केली. लहान हवी होती तर त्याला विचार."

शारदा त्यांची एकुलती लेक. ती माझ्याकडे बोट दाखवून विचारायची, "माय, देव येतो का गं हंडीतलं खायला?" त्यावर आजी आणि माय दोघी हसायच्या.

एकदा कापणीच्या सणाला लीलाधर मास्तरांनी मला दोन्ही हातांनी वर धरलं आणि सगळ्या मंडळीला दाखवलं. म्हणाले, "मथुराबाईची हंडी एकाही रविवारी रिकामी आली नाही. नेम असावा तर असा." मी काय फुगले म्हणता! मथुराबाई खाली मान घालून बसली होती, पण तिचे कान लाल झाले होते. त्याच दिवशी मास्तरांनी एक गोष्ट सांगितली. देवाला वाहिलेल्यातलं थोडं मागे ठेवणारे एक नवरा-बायको जागच्या जागी मरून पडले, अशी ती गोष्ट. मथुराबाईनं ती गोष्ट ऐकली आणि शारदाला जवळ ओढून घेतलं. त्या दिवसापासून माझ्यातला एखादा दाणा खाली पडला तरी ती तो उचलून परत माझ्यात टाकायची.

मग संवताच्या छपन्न सालचा तो मोठा दुष्काळ आला. पाऊस पडलाच नाही. तापीची डबकी झाली. लुगडी कोण घेणार? माग थांबले. कडू सरकारी कामावर खडी फोडायला दूर गेला, तो पंधरवड्यातून एकदा थोडी ज्वारी घेऊन यायचा. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, लीलाधर मास्तरांनाही इच्छापुरकडच्या अन्नछत्रावर बोलावणं आलं. उपासना बंद पडली. निघताना ते सगळ्या घरी जाऊन सांगून गेले, "मी येईपर्यंत कोणी नेम मोडू नका."

मथुराबाईनं नेम मोडला नाही. सुपात ओंजळभर ज्वारी असली तरी त्यातली मूठ माझ्यात पडायची. तिची मूठ आता चिमणीच्या घासाएवढी झाली होती, पण पडायची. रविवारी मला रिकामं करायला कोणी नव्हतं, म्हणून मी भरत चालले. खाली घर रिकामं होत होतं आणि वर मी भरत होते. मित्रांनो, भरलेलं असण्याची मला कधी लाज वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली.

आणि मी वरून आणखी एक गोष्ट बघत होते. मालूबाईचे उपास वाढले होते. आधी मंगळवार, शुक्रवार. मग चतुर्थी, मग एकादशी, मग "देवीले बोलले होते, ते फेडते." दिवसभर ती काही खायची नाही. "दिवेलागणीला सोडते," म्हणायची. दिवेलागणीला मथुराबाई तिच्या वाट्याची चतकोर भाकर तिच्या हातात द्यायची. मालूबाई भिंतीकडे तोंड करून, पदर पुढे ओढून बसायची, शारदाला मांडीशी घ्यायची, आणि पदराआडून ती भाकर शारदाच्या तोंडात जायची. घास घास करून, सगळी. मग ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची आणि मोठ्यानं ढेकर द्यायची.

"सोडला का उपास, आत्याबाई?" चुलीपासून मथुराबाई विचारायची.

"सोडला व माय. पोट भरलं."

मथुराबाईला शंका का आली नाही, असं तुम्ही विचाराल. आली असेलही. एकदा ती म्हणाली, "इतके उपास नका करू." तर सासू लगेच म्हणाली, "आपलं काय ठरलं होतं? माझ्या उपासाले बोट लावायचं नाही." मथुराबाई चुलीकडे वळली. ती स्वतः नेमाची बाई. दुसऱ्याचा नेम मोडायला ती कशी सांगेल?

मला सगळं दिसत होतं. मला एवढं मोठं तोंड, पण त्यात जीभ नाही. शिंक्याची दोरी तुटावी, मी खाली पडावं, फुटावं, दाणे घरभर व्हावेत, असं मला रोज वाटायचं. पण दोरी कडूनं वळलेली, कोष्ट्याच्या हातची. ती कसली तुटते!

एके दिवशी दुपारी शारदा गळाठून पडली. तिचे डोळे उघडेनात. मथुराबाई पाण्याला गेली होती. मालूबाई भिंत धरून उठली, जात्यावर चढली आणि तिनं माझ्यात हात घातला. तिचा हात माझ्या काठाला लागला तो काटकीसारखा. मी मनात म्हटलं, घे बाई, दोन्ही हातांनी घे. तेवढ्यात मथुराबाई दारात आली. तिनं धावत येऊन सासूचं मनगट धरलं.

"आत्याबाई, ते देवाचं आहे."

"देवाले भूक लागली काय व?"

"नका ना असं बोलू. त्यातलं खाल्लं तर माझी पोर मरेल." मथुराबाई रडत होती. "मास्तर येतील, त्यांना विचारू. तोवर नका हात लावू. तुमच्या पाया पडते."

मालूबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग मूठ उघडली आणि दाणे परत माझ्यात सोडले. "मीच चुकले," ती म्हणाली. "बोट लावायचं नाही, असं ठरलं होतं." त्या दिवशी मथुराबाईनं स्वतःची भाकरही कुस्करून शारदाला भरवली, आणि मालूबाईनं पदराआडून आपली. पोर सावरली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी देवीचा दिवा लागला नाही. मथुराबाईनं हाक मारली. मग हलवून पाहिलं. मालूबाई गार पडली होती. अंगावर नुसती कातडी आणि हाडं.

"अहो, काल तर जेवल्या होत्या," मथुराबाई शेजारणीला पुन्हा पुन्हा सांगत होती. "माझ्या हातानं भाकर दिली मी. उपास सोडला होता त्यांनी."

कोपऱ्यातून शारदा म्हणाली, "माय, आजी भाकर मला द्यायची. रोज. मायला सांगशील तर देवी रागावेल, म्हणायची."

मथुराबाई खाली बसली आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मित्रांनो, तशी नजर कुणाच्या वाट्याला येऊ नये.

कडू आला. लीलाधर मास्तरही नेमके त्याच दिवशी परतले, तापानं निम्मे झालेले. भाऊबंदांतलं कोणी आलं, कोणी नाही. कडू आणि मास्तरांनी मालूबाईला खांदा दिला. तिच्या इच्छेप्रमाणे तापीकाठी अग्नी दिला आणि तिचा दिवाही नदीत सोडला.

घाटावरून आल्यावर मथुराबाईनं मला शिंक्यातून उतरवलं आणि मास्तरांपुढे ठेवलं. मी काठोकाठ भरलेली. "तुम्ही गेलात तेव्हापासूनचं आहे, मास्तर," ती म्हणाली. "नेम मोडला नाही मी. एक दाणा इकडचा तिकडे केला नाही."

मास्तरांनी माझ्यात हात घातला आणि तो तसाच ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "बाई, हे उपाशी माणसासाठीच होतं," ते म्हणाले. "तुझ्या घरातल्या उपाशी माणसासाठी सगळ्यात आधी. मी तुम्हांला टाकायला शिकवलं. काढायला शिकवलं नाही. हा दोष माझा आहे."

"त्या तर आपल्या देवाला मानतही नव्हत्या," मथुराबाई म्हणाली. "आणि आपला घास रोज..."

"देव तिला मानत असेल," मास्तर म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी माझ्यातली सगळी ज्वारी भरडायला लावली. दाराशी चूल मांडून पेज शिजवली. पहिली वाटी शारदाला दिली, मग गल्लीतल्या पोरांना. ज्यांनी पाणी बंद केलं होतं, त्यांच्यातलेही काही वाट्या घेऊन आले, काही आले नाहीत. मथुराबाई वाढत होती. तिनं स्वतः पेज तोंडाला लावली नाही, तेव्हा कडूनं तिच्या हातात वाटी दिली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिला.

त्यानंतर बरेच दिवस त्या घरात ओवी ऐकू आली नाही. जातं मुक्यानं फिरायचं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, ज्वारी आली, माग सुरू झाले. एका पहाटे मथुराबाई सूप घेऊन बसली, मूठ भरली, आणि मूठ धरूनच मोठ्यानं विचारलं, "घरात कोणी उपाशी आहे का?" कडू म्हणाला, "नाही." शारदा म्हणाली, "नाही माय." तेव्हाच तिनं मूठ माझ्यात टाकली. त्या दिवसापासून तिचा नेम असा झाला. घरात एकटी असली तरी ती आधी विचारायची, थोडी थांबायची आणि मगच टाकायची. आणि ओवीत तिसरी मूठ आली:

तिसरी माझी मूठ, मालू सासूच्या नावानं,
लेक राखली माझी, तिनं तिच्या उपासानं.

हे गाताना तिचा आवाज दर वेळी फुटायचा. पण तिनं गायचं सोडलं नाही. उपकार मानायचे तर पूर्ण मानावेत, असं ती म्हणायची.

मथुराबाई गेली, कडू गेला. शारदानं मला इथे आणलं, तीही आता थकली आहे. मंडळीत आता तबकात नाणी पडतात, हंड्यांची कोणाला आठवण नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. काड्या टाका, थोटकं टाका, मातीला काय त्याचं! एवढंच मागते, मित्रांनो. देवाचा वाटा जरूर काढा, पण काढण्याआधी घरात एकदा मोठ्यानं विचारा. आणि कोपऱ्यातून कोणी म्हातारं माणूस म्हणालं, "माझा आज उपास आहे," तर तेवढ्यावर थांबू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि तो घास त्याच्या तोंडात जाईपर्यंत उठू नका.